गारव्याचा जमाखर्च

त्र्यंबकेश्वराच्या इतिहासात देवालय, कुशावर्त, आखाडे आणि पेशव्यांच्या सनदा यांना जे स्थान मिळाले ते योग्यच होय. परंतु ज्या क्षेत्री शतकानुशतके दमलेभागलेले लोक पायी चालून आले, तेथे त्यांच्या तहानेची आणि त्यांच्यासाठी रांधलेल्या अन्नाच्या टिकण्याची तरतूद कशी होत गेली, हा विषयही इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही. आज मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत पेढ्यांच्या ताटांशेजारी काचेच्या दाराची शीतकपाटे उभी असतात, पलीकडे आइस्क्रीमचे डीप फ्रीजर अहोरात्र घरघरत असतात, आणि यात्रेकरू हात पुढे करून गार पाण्याची बाटली उचलतो तेव्हा हा गारवा कोठून आला व त्याचे मोल कोणी दिले, याचा विचार करण्याचे त्याला कारण पडत नाही. पूर्वी गारवा ही कष्टाने मिळवावयाची, जपून ठेवावयाची आणि मोजून द्यावयाची वस्तू होती. आणि तो जपण्याची जी रीत आपल्या लोकांच्या हाताला वळणी पडली होती ती यंत्राच्या आगमनाबरोबर कशी सुटत गेली व आता पुन्हा कशी शिकावी लागत आहे, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये काळ्या पाषाणातील आजच्या मंदिराचे काम हाती घेतले आणि ते पुरे व्हावयास 1786 साल उजाडले. त्या प्रदीर्घ कामावर खपणाऱ्या पाथरवटांना वैशाखात गार पाणी मिळाले ते कुंभाराच्या चाकाच्या कृपेने. रांजण, माठ, सुरई ही आमची खरी आद्य शीतयंत्रे होत. अक्षय्य तृतीयेस पाण्याने भरलेला, वाळा घातलेला उदककुंभ ब्राह्मणाला द्यावयाचा, पितरांच्या नावाने तहानेल्याला पाणी पाजावयाचे, रस्त्याच्या कडेला पाणपोई घालावयाची, हे आचार महाराष्ट्रात सर्वत्र होते. परंतु ज्या गावी श्राद्धकर्मासाठी दूरदूरची माणसे येत, त्या गावी उन्हाळ्याच्या तोंडावर घडा दान करण्यात व्यवहाराचे शहाणपण किती होते हे निराळे सांगावयास नको. माठाची भिंत सच्छिद्र असते. तीतून पाझरलेले पाणी बाहेर वाळते आणि वाळताना दर किलोग्रॅममागे सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता आतल्या पाण्यातून व सभोवारच्या हवेतून ओढून घेते. एक लिटर पाणी उडाले आणि त्याने सारी उष्णता आतूनच घेतली असे धरले तर अठ्ठावन्न लिटर पाणी दहा अंशांनी उतरावे, एवढे सामर्थ्य त्या ओलाव्यात असते. म्हणूनच जाणत्या घरी माठ सावलीत, वाऱ्याच्या वाटेत, ओल्या वाळूवर ठेवीत. चुलीजवळ कोणी माठ मांडला तर घरातली वडीलधारी बाई तो उचलून ठेवावयास लावी. या लहानशा गोष्टीकडे आपणांस पुन्हा वळावयाचे आहे.

परंतु या यंत्राला एक मर्यादा होती, आणि त्र्यंबकसारख्या अतिपर्जन्याच्या गावी ती फार लवकर उघडी पडे. हवा कोरडी असेल तोवरच माठ पाणी गार करतो. आषाढात सह्याद्रीवर ढग उतरले, ब्रह्मगिरी दिवसचे दिवस दिसेनासा झाला, भिंतींना ओल आली आणि धोतरे तीन तीन दिवस वाळेनाशी झाली, की माठातील पाणी आणि बाहेरची हवा यांत फरक उरत नसे. पावसाळ्यात गार पाण्याची फारशी निकड नसते हे खरे. पण दूध, खवा, दही, शिजविलेले अन्न यांना मात्र याच ओल्या, ना गरम ना थंड अशा हवेत सर्वांत अधिक धोका असतो, आणि त्र्यंबकची मोठी गर्दी नेमकी याच दिवसांत लोटते. श्रावणातले सोमवार, त्यांतही तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, हे सारे पावसाच्या हवाली केलेले पर्वकाळ आहेत. तेव्हा येथील हलवायांनी जो मार्ग धरला तो थंडीचा नव्हताच. दुधातील पाणी आटवून त्याचा खवा करावयाचा, खव्यात साखर घालून पेढा वळावयाचा, लोण्याचे तूप करावयाचे. पाणी गेले आणि साखर वाढली की नासविणाऱ्या जंतूंना वाव राहत नाही. यात्रेच्या गावांचा प्रसाद बहुधा पेढ्याचा का असतो, याचे एक उत्तर तरी या आटविण्यात आहे.

राजेरजवाड्यांची गोष्ट वेगळी होती. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत आबदारखाना व शरबतखाना असे दोन कारखाने मोडत, म्हणजे पिण्याचे पाणी आणि पेये यांचा बंदोबस्त हे राज्यकारभाराचे अंगच समजले जाई. अकबराच्या आबदारखान्याची हकीकत अबुल फझलने ऐन-इ-अकबरीत दिली आहे; शोरा पाण्यात विरघळला की पाणी थंड होते, त्या थंड पाण्यात पिण्याच्या पाण्याची झारी फिरवून बादशहासाठी पाणी गार करीत, आणि 1586 नंतर दरबार लाहोरास असताना उत्तरेकडच्या डोंगरांतून बर्फ आणविला जाऊ लागला. होडीने, गाडीने, माणसाच्या डोक्यावरून येताना वाटेत जे वितळे त्यामुळे बर्फाचा भाव ऋतूप्रमाणे चढे वा उतरे. थंडीला वाहतुकीचा खर्च आणि वाटेतील घट असते, ही गोष्ट हिंदुस्थानच्या दफ्तरांत इतकी जुनी आहे.

बंगाल्यात व अलाहाबादेकडे हिवाळ्यातील निरभ्र रात्री पेंढ्यावर उथळ मातीची ताटे मांडून पाण्याचा पातळ बर्फ काढीत; सर रॉबर्ट बार्करने 1775 मध्ये त्याचे वर्णन लिहून ठेविले. आमच्याकडे निफाडच्या बाजूस एखाद्या कडक हिवाळ्यात पहाटेचे दव गोठते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, परंतु गोळा करून साठवावा असा बर्फ नाशिक जिल्ह्यात निसर्ग देत नाही. 2022 च्या पावसाळ्यात त्र्यंबकच्या मंदिरातील पिंडीवर बर्फ जमल्याची वार्ता दूरवर पसरली, तेव्हा देवस्थानाने चौकशी केली व हवामानखात्याचे मत घेतले. त्या तपमानात बर्फ आपोआप होणे शक्य नाही असेच त्यातून निष्पन्न झाले. या भूमीवर बर्फ हवा असेल तर तो बाहेरून आणावा लागतो किंवा इंधन जाळून करावा लागतो. तिसरा मार्ग नाही.

प्रथम तो बाहेरून आला, आणि तोही अमेरिकेहून. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने 1833 मध्ये तेथील गोठलेल्या जलाशयांतून कापलेला 180 टन बर्फ ‘टस्कनी’ नावाच्या जहाजात भरून कलकत्त्यास धाडला. चार महिने समुद्रावर काढून, विषुववृत्त दोनदा ओलांडून तो पोहोचला तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईस बर्फ उतरला. सर जमशेटजी जिजीभाईंनी आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि त्यानंतर यजमानास व पाहुण्यांस पडसे झाले, ही गोष्ट त्या काळच्या वृत्तपत्राने मोठ्या गांभीर्याने छापली होती. पुढे वर्गणी जमवून मुंबईत बर्फ साठविण्यासाठी बर्फघर बांधण्यात आले. या सर्व प्रकरणात मला सर्वांत विलक्षण वाटते ते ट्यूडरचे धाडस नव्हे, तर लाकडाचा भुसा. न्यू इंग्लंडच्या लाकूडगिरण्यांत जो भुसा टाकाऊ म्हणून पडून असे, तो त्याने बर्फाभोवती ठासून भरला. भुशात अडकलेली स्थिर हवा उष्णता आत येऊ देत नाही, एवढ्याच एका गुणावर चार महिन्यांच्या प्रवासात निम्म्याहून अधिक बर्फ टिकला. थंडी निर्माण करण्याची एकही शक्ती त्या जहाजावर नव्हती. होते ते केवळ राखण्याचे कौशल्य.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिंडे या जर्मन अभियंत्याने 1876 च्या सुमारास अमोनियाचे शीतयंत्र व्यवहारात आणले, मुंबईत बर्फाचे कारखाने निघाले आणि बॉस्टनचा बर्फ हद्दपार झाला. बर्फाचा कारखाना ज्याने आतून पाहिला नसेल त्याच्यासाठी थोडे सांगतो. खाऱ्या पाण्याचा एक मोठा हौद असतो. मिठामुळे ते पाणी शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरले तरी गोठत नाही, आणि अमोनियाच्या नळ्या त्यातील उष्णता सतत काढून घेत असतात. त्या हौदात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे बुडवून ठेवतात. पाणी कडेकडून आत गोठत येते, त्यामुळे लादीच्या मधोमध पांढुरकी रेघ राहते; पाण्यातली हवा आणि क्षार शेवटी तेथे गोळा होतात. डबा यारीने उचलून क्षणभर साध्या पाण्यात बुचकळला की लादी सुटते आणि ओल्या फरशीवरून सरकत जाते. तेथून ती भुशात लोळवून, गोणपाटात गुंडाळून बाहेर पडे. नाशिकहून त्र्यंबकची वाट 28 किलोमीटरची. बैलगाडीला ती जवळजवळ दिवसाची, मोटारीला तासाची.

यात्रेच्या गावच्या दुकानदाराला ही लादी म्हणजे काळाशी लावलेली पैज वाटे. लाकडी पेटीला आतून जस्ताचा पत्रा, पत्र्यामागे भुसा, वर गोणपाट, त्यावर झाकण. दिवसातून किती वेळा झाकण उघडावयाचे याचा दंडक. लादी अखंड असेल तोवर ती हळू विरघळते. तिचे आठ समान तुकडे केले तर हवेला लागणारा पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणून गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावाचून टोचा उचलावयाचा नाही, हे दुकानातल्या पोऱ्यालाही कळत असे. कुल्फीवाल्याचा माठ तर याहून चतुर होता. बर्फात मीठ मिसळले की मिश्रणाचे तपमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाते. त्या मिश्रणात आटीव दुधाचे कथलाचे साचे, तोंड कणकेने लिंपून, पुरून ठेवावयाचे, माठाभोवती जाड कापड गुंडाळावयाचे, आणि वर हात घालण्यापुरतेच तोंड मोकळे सोडावयाचे. थंड हवा जड असते, ती वरच्या तोंडातून सांडत नाही. आजच्या आडव्या डीप फ्रीजरचे तत्त्व नेमके हेच आहे.

दुकानदाराच्या त्या लाकडी पेटीच्या तळाशी एक भोक असे व त्यातून वितळलेले पाणी टिपटिपत बाहेर येई. मला वाटते, या विषयाचे सारे मर्म त्या टिपटिपीत आहे. एक किलोग्रॅम बर्फ वितळण्यास 80 किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे खाली ठेवलेल्या बालदीत जमलेले पाणी मोजले असता आज पेटीत किती उष्णता शिरली याचा बिनचूक आकडा मिळत होता. दुकानदाराला पदार्थविज्ञान येत नसेल, पण बालदी भरू लागली की झाकण नीट बसले नाही हे त्याला समजे. नुकसान डोळ्यांसमोर होते, ऐकू येत होते, पायाला ओले लागत होते. शीतयंत्राची शक्ती मोजण्याचे माप आजही ‘टन’ हेच आहे, आणि त्याचा अर्थ 24 तासांत एक अमेरिकी टन बर्फ वितळावयास जेवढी उष्णता लागेल तेवढी ओढून घेण्याचे सामर्थ्य, म्हणजे ताशी सुमारे 3,024 किलोकॅलरी, असा आहे. यंत्रे आली तरी हिशेब बर्फाचाच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात शीतयंत्रांच्या उद्योगाने महाराष्ट्रात घर केले. ब्लू स्टार 1943 पासून मुंबईत होतीच. 1954 मध्ये व्होल्टास निघाली. 1958 मध्ये गोदरेजने देशात घरगुती रेफ्रिजरेटर बनविण्यास आरंभ केला आणि त्याच साली पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिकची स्थापना झाली, जिचे अमोनिया कॉम्प्रेसर पुढे शीतगृहांत व बर्फाच्या कारखान्यांत बसू लागले. राज्य विद्युत मंडळ 1960 चे. वीज खेडोपाडी पोहोचत गेली तसतशी बर्फाची पेटी मागे सरली आणि तिच्या जागी पांढरे कपाट आले. त्र्यंबकच्या हलवायाच्या दुकानात पेढ्याच्या जोडीला श्रीखंड, पनीर, बासुंदी, आइस्क्रीम आले; जे पदार्थ थंडीवाचून एक दिवसही तग धरत नाहीत ते यात्रेच्या बाजारात बारमाही मिळू लागले. ही प्रगती होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच विचार नाही. नासलेल्या दुधाने आणि शिळ्या अन्नाने यात्रेत माणसे दगावत त्या काळाकडे कोणी आसुसून पाहू नये.

   

परंतु या नव्या कपाटात टिपटिप नव्हती. आत शिरलेली उष्णता कॉम्प्रेसर मुकाट्याने बाहेर टाकी, आणि नुकसान महिन्याच्या अखेरीस मीटरच्या आकड्यात, दिवे, पंखे, मिक्सर यांच्या खर्चात मिसळून, एका रकमेच्या रूपाने समोर येई. त्या रकमेत फ्रीजरचा वाटा किती व त्यातला निष्काळजीपणाचा किती, हे कोणाला सांगता येणार? झाकण लवकर लावण्याची सवय सुटली ती लोक आळशी झाले म्हणून नव्हे, तर बालदी नाहीशी झाली म्हणून.

कोणत्याही यात्रेच्या गावच्या बाजारात सकाळच्या वेळी हिंडून पाहावे. जागा थोडी, भाडे फार, म्हणून फ्रीजर भिंतीला चिकटवून लावलेला आणि त्याच्या अंगास भट्टी, जिच्यावर कढईत जिलेबी तळली जात आहे. म्हणजे माठ चुलीजवळ मांडू नये हे ज्या घराण्यात आजीला कळत होते, तेथेच नातवाच्या दुकानात उष्णता बाहेर टाकणारी जाळी आगीसमोर ठेवली गेली आहे. या चुकीची किंमत अगदी काटेकोर काढता येते. कार्नो या फ्रेंच तरुणाने 1824 मध्ये जो सिद्धान्त मांडला त्यावरून असे निघते की आतली नळी शून्याखाली 25 अंशांवर आणि बाहेरची जाळी 45 अंशांवर असेल तर यंत्राला 70 अंशांचा चढ चढावा लागतो. जाळी धुळीने बुजली, मागे हवा खेळेनाशी झाली, शेजारी भट्टी पेटली आणि ती 55 अंशांवर गेली, तर चढ 80 अंशांचा होतो, आणि तेवढीच थंडी करण्यास आदर्श यंत्रालाही एक सप्तमांश अधिक श्रम पडतात. प्रत्यक्षातले यंत्र आदर्श नसते, म्हणून प्रत्यक्षातला तोटा याहून मोठा. आणि देवळाच्या गल्लीतली धूळ साधी नसते: तीत कुंकवाची व बुक्क्याची पूड, उदबत्तीची काजळी, मैदा, तळणाची वाफ हे सारे मिसळून जाळीवर चिकट पुटे चढतात, जी नुसत्या फडक्याने निघत नाहीत, मऊ ब्रशाने, यंत्र बंद करून, ती हलक्या हाताने सोडवावी लागतात. हे काम महिन्यातून एकदा केले तर पुरते, आणि त्याला दमडी लागत नाही.

दाराच्या रबराची कथा अशीच. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज सुटून आली तर तेथून रात्रंदिवस हवा आत जात आहे असे समजावे. आणि त्र्यंबकला ही आत जाणारी हवा म्हणजे काय असते? श्रावणातल्या 25 अंश तपमानाच्या ओल्या हवेच्या एका घनमीटरात सुमारे 20 ग्रॅम बाष्प असते. वैशाखातल्या कोरड्या दुपारी, हवा कितीतरी अधिक तापलेली असूनही, याच्या निम्म्याहून कमी. हे बाष्प फ्रीजरच्या आत जाऊन नळीवर बर्फ होऊन बसते तेव्हा दर किलोग्रॅममागे जवळजवळ 680 किलोकॅलरी उष्णता सोडते, जी कॉम्प्रेसरला पुन्हा उपसावी लागते. एवढे करून तो बर्फ नळीभोवती भुशासारखा आडवा येतो आणि मालापर्यंत थंडी पोहोचू देत नाही. ज्या ओलाव्याने माठाला हतबल केले तोच ओलावा फ्रीजरलाही जेरीस आणतो, आणि दुकानदार मात्र पावसाळ्यात हवा थंड आहे म्हणून निश्चिंत असतो. आत साचलेला बर्फ पाहून पुष्कळांना यंत्र उत्तम चालल्याचे समाधान वाटते, हा गैरसमज तर घरोघरी आहे. बर्फाचा थर बोटाच्या जाडीचा होण्याची वाट न पाहता यंत्र बंद करून तो उतरवावा. सुरीने खरवडू नये, नळी फुटते व गॅस जातो. तपमानाची खुंटीही शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवण्याची रीत पडली आहे. आइस्क्रीमला शून्याखाली 18 अंश पुरतात, दुधाला शून्यावर 4, आणि त्याखाली उतरविलेल्या प्रत्येक अंशागणिक दोनचार टक्के वीज व्यर्थ जाते.

तथापि सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आइस्क्रीमचा फ्रीजर वा थंड पेयांचे काचेचे कपाट पुष्कळदा माल पुरविणारी कंपनी देते. यंत्राची किंमत ती भरते, बिल दुकानदार भरतो. ज्याने यंत्र निवडले त्याला विजेची झळ नाही, ज्याला झळ आहे त्याला निवड नाही. मुलखाच्या वसुलीत मालक आणि कूळ यांच्यामध्ये जे घडे तेच येथे घडते: सुधारणेचा खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा असला की सुधारणा होत नाही. शासनाचे लक्षही इकडे उशिरा वळले. ऊर्जा संवर्धनाचा कायदा 2001 चा, ऊर्जा दक्षता ब्यूरो 2002 चा, फ्रीजवर तारे छापण्याची योजना 2006 ची. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजना ती 2010 मध्ये सक्तीची झाली, पण डीप फ्रीजरसाठी ती 2020 मध्ये प्रथम आली आणि तीही ऐच्छिक म्हणून. मधल्या काळात ओझोनच्या थराला मारक ठरलेला जुना गॅस 1987 च्या माँट्रिअल करारान्वये हटला व हायड्रोकार्बनवर चालणारी, कमी वीज खाणारी यंत्रे बाजारात आली, एवढे या संदर्भात नमूद करणे पुरे.

भारनियमनाच्या वर्षांनी मात्र जे कायद्याने साधले नाही ते काही काळ साधले होते. 2005 पासून पुढे कित्येक वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात तासन् तास वीज नसे, आणि तेव्हा भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा अधिक वेळ थंडी धरतो, मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर त्या बर्फाच्या लादीचे काम करतात, झाकण उघडावयाचे ते एकदाच आणि हवे ते सर्व काढून घ्यावयाचे, ही विद्या दुकानादुकानांत परत आली. फ्रीजरवर गोणपाट टाकण्याची जुनी सवयही परतली. तीत मात्र एक सूक्ष्म घात होता. आडव्या डीप फ्रीजरच्या पुष्कळ नमुन्यांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या मागे जाळीत नसून बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरविलेल्या असतात. वीज नसताना त्या पत्र्याभोवती पोते गुंडाळणे हिताचे, पण वीज येताच ते काढले नाही तर यंत्र स्वतःच्याच उष्णतेत कोंडले जाते. गोणपाट झाकणावर असावे, अंगाभोवती नसावे. वडिलांची रीत उचलताना त्यांच्या पेटीत कॉम्प्रेसर नव्हता हे ध्यानात ठेवावे लागते.

नाशिक जिल्ह्याने या विषयात एक मोठा धडा देशाला दिला आहे आणि तो शेतकऱ्यांनी दिला आहे. द्राक्षे परदेशी धाडण्यासाठी 1991 मध्ये सहकारी संस्थांची महाग्रेप्स उभी राहिली, पूर्वशीतन कक्ष आणि शीतगृहे बांधली गेली. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास न्यावे लागते. पण बागायतदार घड तोडतो भल्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, कारण मण्यात जेवढी उष्णता कमी भरलेली तेवढी यंत्राने काढावयाची कमी. आणि त्याच जिल्ह्यात, त्याच रस्त्यालगत, कांद्याच्या चाळी उभ्या आहेत: जमिनीपासून उचललेली जाळीदार तळी, फटी ठेवलेल्या भिंती, वर उतरते छप्पर. त्यात एक युनिट वीज जळत नाही आणि उन्हाळी कांदा महिनोन् महिने टिकतो. कोणत्या मालाला थंडी हवी आणि कोणत्याला नुसता वारा पुरतो, हा विवेक ज्या मुलखात इतका रुजला आहे, तेथून तासाभराच्या अंतरावरच्या बाजारात पेढासुद्धा फ्रीजमध्ये दडपून ठेवलेला पाहिला की वाईट वाटते. ताज्या पेढ्याला त्या दिवसाच्या विक्रीसाठी थंडीची गरज नसते. तो आत जागा अडवितो आणि बासुंदीभोवती हवा खेळू देत नाही.

आता 2026-27 चा सिंहस्थ आला आहे. 2015 मध्ये 25 सप्टेंबरला त्र्यंबकेश्वरी तिसरे शाही स्नान झाले तेव्हाही पावसाळ्याचे दिवस होते आणि या वेळीही असणार. पत्र्याच्या तात्पुरत्या गाळ्यांत, ओढून आणलेल्या वायरींवर, पत्र्यांच्या तापाखाली आणि पावसाच्या ओलाव्यात, शेकडो लहान फ्रीजर काही आठवड्यांसाठी मांडले जातील. गाळ्यांचे परवाने देताना फ्रीजरमागे वीतभर मोकळी जागा आणि भट्टीपासून अंतर यांची अट घालणे नगरपालिकेला अवघड नाही. परंतु माझी सूचना याहून थोडी पुढची आहे. बाटलीबंद पाणी व पेये गार करण्यापुरता तरी लहान यंत्रांचा हव्यास सोडून नाशिकच्या कारखान्यांतून लाद्या आणाव्या. मोठा अमोनिया कॉम्प्रेसर एक किलोग्रॅम बर्फामागे जेवढी वीज घेतो तेवढीत गाळ्यातले छोटे यंत्र तेवढी थंडी करू शकत नाही. शिवाय कारखाना रात्री चालविता येतो, जेव्हा हवा थंड असते आणि विजेच्या तारांवरचा भार उतरलेला असतो, म्हणजे रात्रीची वीज लादीत साठवून दिवसा वापरल्यासारखे होते. पेट्या भुशाच्या नकोत, थर्मोकोलच्या वा पफच्या जाड भिंतींच्या असाव्या. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा व तरीही तो पेयात न घालता बाटल्यांभोवतीच रचावा. आणि पेटीच्या तळाशी भोक ठेवून त्याखाली बालदी ठेवावी.